तिकीट काढून बसलेली बाई

तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. उमेदीची सगळी वर्षं तिने स्टेशन ते समुद्र या एकाच बसवर काढली होती. आवाज असा खणखणीत, की मागच्या दारातून तिने ‘तिकीट’ म्हटलं की पुढच्या बाकावर पेंगणारा माणूस झोपेतच खिसा चाचपायचा. ती भांडखोर नव्हती, पण समोर कुणी दांडगाई केली की तिच्या जिभेला लगाम राहत नसे. एकदा एका बड्या असामीच्या मुलाला तिने फुकट प्रवास करताना पकडलं आणि भर रस्त्यात खाली उतरवलं. संध्याकाळी वरून फोन आला, तर तिने फोन करणाऱ्यालाच सुनावलं. बढती त्यामुळेच हुकली असं बरोबरचे लोक सांगत. तिला त्याचं काही वाटलं नाही. खुर्चीत बसून करायचं काय, असं ती म्हणे.

नवरा अगदी उलट. तो सुतार होता आणि बोलण्यात त्याचा हात फार आखडता. दिवसभर रंधा मारून घरी आला की ती बोलायची, तो ऐकायचा. दोघांचं उत्तम चाललं होतं. घर समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे ओटी, आणि ओटीवर त्यानेच केलेला एक लांब बाक. गल्लीच्या एका कडेला फुटपाथ होता. त्यावरून म्हातारीकोतारी संध्याकाळी समुद्रापर्यंत जात आणि परत येत. गल्लीच्या खालच्या तोंडाशी, वाळूला लागून, तिच्या धाकट्या भावाचं दुकान. थंड पेयं, आइसक्रीम, पोरांच्या बादल्या-फावडी, भाड्याच्या छत्र्या. आईवडील गेल्यावर या भावाला तिनेच वाढवलं होतं. दुकानाची जागाही तिनेच खटपट करून मिळवून दिली होती.

मग त्या उपनगराला दृष्ट लागली म्हणायची. कुठून तरी बातमी पसरली, की इथला सूर्यास्त बघण्यासारखा असतो. जसा काही तो बाकीच्या गावांत उगवतीकडे होतो. सुट्टीच्या दिवशी शहरातून गाड्या यायला लागल्या. आधी दहा-वीस, मग रांगा. समुद्राशी बस जिथे वळायची त्या गोल मोकळ्या जागेत गाड्या उभ्या राहू लागल्या आणि बसला वळता येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचे. बस कंपनीने पालिकेला कळवलं, पालिकेने पोलिसांना कळवलं, आणि सगळ्यांनी मिळून तोडगा काढला, तो असा: बस बंद. गाड्या हटवायच्या राहिल्या आणि बस हटवली. चोर सोडून संन्याशाला सुळी. कंडक्टरबाईची शेवटची काही वर्षं दुसऱ्याच रस्त्यावर गेली. आणि बस गेली म्हणून, जे आधी बसने येत तेही गाडी घेऊन यायला लागले.

गल्लीतल्या लोकांनी बरंच सोसलं. फाटकासमोर गाडी असायची, मालकाचा पत्ता नाही. भाजीची पिशवी डोक्यावर धरून दोन गाड्यांच्या फटीतून आडवं होऊन घरात शिरायचं. कुणी काही बोललं, तर उत्तर ठरलेलं, ‘दहा मिनिटांत येतो.’ ती दहा मिनिटं सूर्य बुडेपर्यंत चालत. शेजारच्या शिलाईवाल्या काकूंनी फाटकावर ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी लावली. एकाने त्या पाटीवरच ओला टॉवेल वाळत घातला.

अशाच एका रविवारी दुपारी सुतार खिडकीची बिजागरी बसवायला स्टुलावर चढला आणि पडला. मोठा आवाज झाला नाही, तोही ओरडला नाही. ती स्वयंपाकघरातून आली, तर तो फरशीवर कुशीवर पडलेला आणि चेहरा पिठासारखा पांढरा. पाय हलवता येईना. तिने अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी लवकर आली, तक्रार करायला जागा नाही. पण आली ती मोठ्या रस्त्यावर, गल्लीच्या वरच्या टोकाला. आत शिरणार कुठून? दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये आणखी एक गाडी तिरकी लावून मालक पाण्यात डुंबायला गेलेला. सायरन वाजत राहिला. समुद्रावरची माणसं माना वळवून बघायची आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करायची. स्ट्रेचर दोन गाड्यांच्या मधून जाईना.

तिने भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. पुन्हा केला. शेवटी काकूंचा मुलगा, समोरचे दोघे आणि अॅम्ब्युलन्सचा मदतनीस अशा चौघांनी ओटीवरचा बाक उचलला, त्यावर सुताराला निजवलं, चादरीने बांधलं आणि गाड्यांच्या टपांवरून हातोहात वर नेत निघाले. तो दातांत टॉवेल धरून होता. चढ संपायच्या आधी बाकाचा पाय एका निळ्या गाडीच्या आरशाला घासला. गाडीत माणूस होता. एसी लावून गाणी ऐकत बसला होता. त्याने काच खाली केली.

“जरा जपून,” तो म्हणाला. “ओरखडा पडेल.”

कंडक्टरबाईच्या तोंडून त्या क्षणी शब्द फुटला नाही, आणि हेच तिला पुढे कित्येक दिवस जाळत राहिलं. आयुष्यभर जिने कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती तेव्हा गप्प राहिली. कारण एका हाताने तिने नवऱ्याचं डोकं धरलं होतं. माझ्या माणसाचं हाड मोडलंय आणि याला रंगाची काळजी, हे वाक्य तिने नंतर दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःशीच म्हटलं. मग परिचारिकेला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं. प्रत्येकाने मान हलवली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि तो चाकांच्या खुर्चीत बसून घरी आला. डॉक्टर म्हणाले, काही महिने खुर्ची, मग काठी, आणि रोज बाहेर हवेत न्या. पण नेणार कुठे? फुटपाथवर प्रत्येक गाडीची दोन चाकं चढवलेली. खुर्ची फाटकाबाहेर काढली की चार पावलांवर अडायची. जन्मभर समुद्राच्या शेजारी राहिलेला माणूस समुद्र ऐकायचा फक्त, बघायला मिळत नव्हता.

इकडे अॅम्ब्युलन्सच्या प्रकाराची ओरड झाली. काकूंनी सह्या गोळा केल्या, नगरसेविका येऊन हळहळून गेल्या आणि पालिकेला जाग आली. जाग आली म्हणजे काय, तर पार्किंग सुधारणेची योजना निघाली. रस्ता अरुंद आहे म्हणून अडचण होते. तेव्हा फुटपाथ काढून टाकायचा, त्या जागेत पांढऱ्या रेघांचे चौकोन आखायचे, आणि तिकिटाचं यंत्र बसवायचं. म्हणजे गाड्या शिस्तीत लागतील. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तो हा असा. लोकांच्या सूचना ऐकायला पालिकेच्या सभागृहात बैठक ठेवली होती.

कंडक्टरबाई धुतलेली साडी नेसून, काय बोलायचं ते मनात घोळवत गेली. तिची पाळी आली आणि सगळं घोळवलेलं वाहून गेलं. तिने सुरुवातच निळ्या गाडीपासून केली. ओरखड्यापर्यंत आली तेव्हा तिचा आवाज इतका चढला, की माइक शिट्टी मारायला लागला. मागे कुणीतरी हसलं. व्यासपीठावरचे इंजिनिअर साहेब अतिशय सभ्यपणे म्हणाले, की ताईंच्या भावना आम्हाला समजतात, पण आज चर्चा योजनेची आहे, वैयक्तिक अनुभवाची नाही. मग माइक बंद केला. तिला तो बंद झाल्याचं कळायलाही वेळ लागला.

तिच्यानंतर दुकानदारांच्या वतीने बोलायला जो उठला, तो तिचा धाकटा भाऊ. नीट कपडे घालून आला होता. गाड्या येतात म्हणून गिऱ्हाईक येतं, त्याने सांगितलं. जागा वाढली तर सगळ्यांचंच भलं. फुटपाथवरून असं कितीसं कोण चालतं? तो बोलत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. त्याला भरपूर टाळ्या पडल्या.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “मी याला बोट धरून चालायला शिकवलं, ते याच फुटपाथवर.” सुताराने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. त्याच्याजवळ एवढंच होतं आणि तिला ते पुरलं.

फुटपाथ उखडायला पालिकेला फार वेळ लागला नाही. एरवी नळ फुटला तर पालिकेचा माणूस महिनाभर फिरकत नाही. इथे लगोलग यंत्रं आली, दगड गेले, डांबर पडलं आणि त्यावर पांढरे चौकोन. फाटकाच्या डाव्या अंगाला, ओटीला अगदी खेटून, एक चौकोन आला. पुढच्याच रविवारी तो भरला. गाडीचा धुराचा पाइप थेट ओटीच्या तोंडाशी. इंजिन चालू ठेवून आतली मंडळी खात बसली होती आणि सुतार धुराने खोकत होता. तिने खिडकीवर टकटक केलं. आतल्या बाईने तिला कागदाचा कपटा दाखवला. आमचं तिकीट आहे, ती म्हणाली.

रात्री जेवताना सुतार म्हणाला, “मलाही त्या चौकोनात नेऊन ठेव. चाकं तर मलाही आहेत.”

तो थट्टेत बोलला होता. बायकोचा घास हातातच राहिलेला पाहून त्याच्या लक्षात आलं, की आता हे थट्टेवर राहत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी, शहरातल्या गाड्या यायच्या आधी, कंडक्टरबाईने यंत्रात पैसे टाकले. पूर्ण दिवसाचं तिकीट काढलं. नवऱ्याची खुर्ची ढकलत चौकोनात आणली, रेघांच्या बरोबर मधोमध लावली, चाकाचा ब्रेक दाबला आणि तिकीट खुर्चीच्या हाताला टाचणीने टोचलं. शेजारी स्वतःसाठी स्टूल ठेवलं. तिथून गल्लीच्या उतारावरून समुद्र अगदी समोर दिसत होता. सुतार खुर्चीत पुढे सरकून, कपाळाशी हात धरून बघत राहिला. 

पहिली गाडी आली ती चौकोनापाशी थांबली. मागच्यांनी हॉर्न धरले. गाडीवाल्याने आधी विनंती केली, मग घड्याळ दाखवलं, मग त्याचं डोकं फिरलं. ही बसायची जागा आहे का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, तिकीट काढलंय, दिवसभराचं आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. एवढ्यात पालिकेचा पिवळ्या जाकिटातला पार्किंगवाला धावत आला. तरुण पोरगा होता, कामावर नवा. त्याने तिकीट वाकून वाचलं, तारीख बघितली, खुर्चीची चाकं बघितली आणि डोकं खाजवलं. गाडीसाठी आहे हे, असं तो पुटपुटला. कुठे लिहिलंय, असं तिने विचारलं. यंत्रावर जाऊन तो वाचून आला. तिथे ‘वाहन’ असं होतं.

“मग ही काय पालखी वाटली का तुला?” ती म्हणाली.

पोरगा हसला आणि बाजूला जाऊन त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांचा रविवार होता. त्यांनी उचलला नाही.

बघ्यांची गर्दी वाढली. काही जण तिच्या बाजूचे, बरेचसे विरुद्ध. म्हातारीला वेड लागलंय, नवऱ्याला उन्हात बसवून तमाशा करतेय, असं कुणीसं बोललं. शिलाईवाल्या काकूंनी ते ऐकलं आणि त्या तडक घरातून छत्री घेऊन आल्या. छत्री सुताराच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या आणि बोलणाऱ्याकडे अशा बघायला लागल्या, की तो मागच्या मागे सटकला.

मग भाऊ आला. दुकान सोडून आला होता. हातात अजून आइसक्रीमचा चमचा होता. गल्लीत गाड्या तुंबल्या होत्या आणि वरून येणारं गिऱ्हाईक कंटाळून परतत होतं.

“ताई, घरी चल,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “लोक हसतायत.”

“हसू देत. त्या दिवशी सभेतही हसले होते. तेव्हा तुला लाज नाही वाटली?”

“माझ्या पोटावर पाय का देतेस? सुट्टीच्या दिवशीच काय ते विकलं जातं. बाकी आठवडा मी माश्या मारतो.”

“तुझं पोट मीच भरत आले आहे,” ती म्हणाली. “त्याच्यावर पाय देईन कशी? पण तुझं दुकान चालावं म्हणून माझा माणूस गाड्यांच्या टपांवरून न्यायचा असेल, तर ते दुकान मला नको. तुला हवं असेल तर तू बस त्यात.”

भावाने हातातला चमचा खाली केला. तो भाऊजींकडे वळला. भाऊजींनी समुद्रावरून नजर काढली नाही. तो तसाच उतरून गेला आणि त्या दिवसापासून दोन घरांचं येणंजाणं थांबलं.

दुपारी पोलीस आले. तेही तिकीट वाचून गेले. संध्याकाळी तिकिटाची वेळ संपली तशी कंडक्टरबाईने ब्रेक सोडला आणि खुर्ची घरात नेली. एक मिनिटही फुकट बसली नाही.

पुढच्या रविवारी पलीकडच्या चौकोनात काकूंचं शिलाई मशीन आलं. त्याखाली चाकांची फळी सुतारानेच बसल्या बसल्या ठोकून दिली होती. त्याच्या पुढच्या चौकोनात कुणाच्या नातवाची बाबागाडी आली. त्याच्याही पुढे एका निवृत्त मास्तरांनी चाकांची आरामखुर्ची आणून ठेवली आणि तीत झोपून गेले. तिकीट सगळ्यांनी काढलेलं. पालिकेने सोमवारी यंत्रावर ‘वाहन’च्या जागी ‘मोटार वाहन’ अशी नवी पट्टी चिकटवली. तेव्हा मास्तरांच्या मुलाने आपली स्वतःची बंद पडलेली मोटार ढकलत आणून तिथे उभी केली, चारही दारं उघडी ठेवली आणि आतल्या गाद्यांवर गल्लीतल्या आज्या बसवल्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या वाचून नगरसेविका पुन्हा आल्या. या खेपेला हळहळल्या नाहीत, चिडल्या होत्या, आणि कंडक्टरबाईला तेच बरं वाटलं. हळहळीशी भांडता येत नाही, चिडलेल्या माणसाशी येतं.

भांडणं बरीच झाली. शेवटी जे निघालं ते असं: सुट्टीच्या दिवशी गल्लीत फक्त राहणाऱ्यांच्या गाड्या. बाहेरच्यांनी स्टेशनमागच्या जुन्या गिरणीच्या मैदानात गाडी लावायची आणि तिथून छोट्या बसने समुद्रावर यायचं. इंजिनिअर साहेबांनी ही कल्पना आपली म्हणून सांगितली. सांगू देत. पण बस वळते त्या गोल जागेत त्यांनी साखळी लावली नाही, नुसती पाटी लावली, आणि पाटीखाली दर रविवारी दोन-तीन गाड्या असतातच. फुटपाथ परत बांधायचं नाव नाही. पैसे नाहीत म्हणतात. उखडायला कुठून आले होते, असं कंडक्टरबाईने लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही, म्हणून तिने फुटपाथ परत बांधा अशा अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली आहे.

सुतार खुर्चीतून काठीवर आला. चालताना एका बाजूला झुकतो. ते आता तसंच राहायचं.

भावाचं दुकान बुडालं नाही. बसमधून उतरणारी माणसं त्याच्याच दारात उतरतात, त्यामुळे चाललंय ते पहिल्यासारखंच. तरीही तो बरेच दिवस बहिणीकडे फिरकला नाही. मग एका सोमवारी, गिऱ्हाईक नसताना, ओटीवर येऊन भाऊजींच्या शेजारी बसला. दोघे काहीबाही बोलत राहिले, दुकानाच्या फळीला कीड लागलीये वगैरे. कंडक्टरबाईने तीन कप चहा आणला आणि त्याचा कप त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

“त्या दिवशी फोन का नाही उचललास?” तिने विचारलं. इतक्या महिन्यांत हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने कपाचा कान फिरवला. “गर्दी होती. फोन पैशांच्या गल्ल्याखाली होता.” मग म्हणाला, “सायरन ऐकला होता, ताई. वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल.”

“दुसऱ्या कुणाचं असतं, तर?”

 तिने त्याला ते सोपं करून दिलं नाही. सुतार काठीच्या टोकाने फरशीवरचा एक खडा इकडून तिकडे करत होता. चहावर साय धरली. भावाने कप उचलला, गार झालेला चहा तसाच प्यायला, आणि फुटपाथच्या अर्जावर दुकानदारांच्या सह्या हव्या असतील तर मी फिरतो, असं म्हणाला.

“आधी तुझी कर,” ती म्हणाली, आणि पेन आणायला आत गेली.